बंपरचा मुलामा

बंपर चकाकत होता, इथून सगळं सुरू झालं. दुसऱ्या कुणाच्या घरी तो चकाकला असता तर त्या माणसाने तो चिकटवला असता, हात धुतले असते आणि जेवायला बसला असता. पण हा बंपर मिलिमीटरच्या घरी चकाकला.

मिलिमीटर हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आरेखक होता, आणि नळाच्या नकाशात रेघ केसभर सरकली तर एका गल्लीचं पाणी दुसऱ्या गल्लीत जातं असं त्याचं प्रामाणिक मत होतं. पाणी तसंही कुठल्याच गल्लीत वेळेवर जात नसे, पण त्यात नकाशाचा दोष नाही हे तो छातीठोकपणे सांगे. त्याच्याकडे नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनची एक पारदर्शक प्लास्टिकची पट्टी होती. ती तो कुणाला हात लावू देत नसे. खुद्द साहेबांनी एकदा मागितली, तर "काय मोजायचंय ते सांगा, मी मोजून देतो" असं उत्तर त्याने दिलं होतं. त्या वर्षीची बढती हुकली, पण पट्टी शाबूत राहिली.

तर येत्या रविवारी त्याच्या सासऱ्यांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती. सासरे जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. मोजकं बोलणारे, आणि बोलले की ते वाक्य वर्षानुवर्षं टिकणारं. जावयाबद्दल त्यांचं असंच एक वाक्य होतं. "जावई लाखात एक आहे," ते पाहुण्यांना सांगत, "फक्त त्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर देऊ नका."

याला कारण होतं. लग्न नवं असताना मिलिमीटरने सासुरवाडीची बिघडलेली बेल दुरुस्त करून दिली होती. तेव्हापासून दारावरची बेल दाबली की बाथरूममधला दिवा लागायचा. आत असलेल्या माणसाला बाहेर कुणीतरी आल्याचं कळायचं, तेव्हा काम झालंच नाही असं म्हणता येणार नाही, ही मिलिमीटरची बाजू. सासऱ्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. पुढे जावई यायचा असला की हत्यारांची पेटी उचलून कपाटावर ठेवली जायची. त्यावर कुणी कधी चकार शब्द काढला नाही. पण आपण गेलो की पेटी वर आणि आपण निघालो की पेटी खाली, हे त्याला इतकी वर्षं टोचत होतं. एकदा तरी म्हाताऱ्याने म्हणावं, याच्या हातात कसब आहे, एवढीच त्याची इच्छा होती.

म्हणून त्याने बस करायला घेतली. सासऱ्यांनी उमेदीच्या काळात जी बस चालवली त्याच बनावटीचं प्लास्टिकचं मॉडेल त्याला एका दुकानात सापडलं. शेकडो सुटे तुकडे, ते कापायचे, घासायचे, रंगवायचे आणि चिकटवायचे. सगळी जोडून झाल्यावर बस हातभर लांबीची. मिलिमीटरने ती अशी काही जोडली की दार उघडत होतं, स्टिअरिंग फिरत होतं, आणि ड्रायव्हरच्या सीटची कड झिजलेली दिसावी म्हणून त्याने तिथला रंग कानकोरण्याने खरवडला होता. उरले होते फक्त चकाकणारे तुकडे. पुढचा बंपर, मागचा बंपर, जाळी, दिव्यांच्या कड्या, आरशाची दांडी आणि चाकांच्या टोप्या. कंपनीने त्यांवर क्रोमचा असा झगझगीत मुलामा चढवला होता की त्यात बघून दाढी करता आली असती.

आणि फोटोतला बंपर मळकट राखाडी होता.

फोटो एकच होता, काळा-पांढरा. तरुण सासरे बसपुढे उभे, एक पाय बंपरवर. मिलिमीटरने तो भिंगाखाली धरून तासन् तास पाहिला होता. बंपरवर चमक म्हणून नाही. कडेपासून कडेपर्यंत मंद, मातकट राखाडी.

"अहो, बाबांना विचारा ना एकदा," बायको म्हणाली.

"विचारलं तर मग गंमत काय राहिली?"

"मग आईला विचारा."

"फोटो खोटं बोलत नाही. तू लहानपणी बाबांच्या बसमध्ये बसायचीस, तेव्हा बंपर कसा होता?"

"राखाडी रंग दिलेला. पण ती नंतरची बस. ही जुनी मी रांगत होते तेव्हाच भंगारात गेली."

"बघ. म्हणजे खातं राखाडीच रंग देत असणार." असं म्हणून त्याने फोटोशेजारी रंगाच्या चार डब्या मांडल्या आणि बंपरच्या छटेशी जुळवून बघू लागला.

"त्या फोटोत बाबासुद्धा राखाडीच आहेत," एवढं बोलून बायको आत गेली.

मुलाम्यावर रंग दिला तर तो पोपडे धरून निघतो. तेव्हा आधी मुलामा काढायला हवा, हे उघड होतं. मिलिमीटरने पॉलिश पेपर घेतला आणि सुरुवात सगळ्यात लहान तुकड्यापासून केली, कारण मोठ्या कामाची सुरुवात लहानापासून करावी असं शाळेत शिकवतात. आरशाची दांडी पहिल्याच फटक्यात मोडली. ती टाचणीची करता आली, पण जाळीच्या पट्ट्या केसासारख्या होत्या, आणि घासून मुलामा गेला असता तर जाळीही गेली असती.

इथवर प्रकरण घरातलं होतं. मग ते जिन्यात गेलं.

खालच्या मजल्यावर एक सर राहत. त्यांनी शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला होता आणि निवृत्तीनंतर त्यांना इतर सगळे विषय येऊ लागले होते. त्यांनी जाळी हातात घेऊन उजेडात धरली. "ही चकाकी म्हणजे धातू. धातूला काय चालत नाही? आंबट चालत नाही. व्हिनेगरमध्ये बुडवा आणि निर्धास्त झोपा." मिलिमीटरने बुडवलं. झोपला. सकाळी तुकडे बाहेर काढले तेव्हा त्यांवर बोटांचे जे काही ठसे होते तेही धुऊन निघाले होते आणि बंपर पूर्वीपेक्षा दुप्पट चकाकत होता. घराला असा वास मारत होता की बायकोने दोन दिवस पाहुण्यांना दारातूनच वाटेला लावलं. सर म्हणाले, "याचा अर्थ प्रक्रिया सुरू झाली आहे."

समोरच्या काकूंचं मत निराळं होतं. काकूंचा मुळात क्रोमवर राग होता, कारण त्यांच्या नळांवरची चकाकी वर्षभरात उडाली होती. "माझ्याकडे राहावी म्हणून धडपड केली तर गेली, आणि तुमच्याकडे जावी म्हणून धडपडताय तर जात नाही. दैव म्हणतात ते हेच." असं म्हणून त्यांनी नेलपॉलिश काढायची बाटली आणून दिली. नखावरचं जातं तर बंपरवरचं का जाणार नाही, हा त्यांचा सवाल, आणि सवाल बिनतोड होता. मिलिमीटरने मागचा बंपर त्यात सोडला. मुलामा खरंच सुटू लागला. काकूंनी "बघा" म्हणून कमरेवर हात ठेवले. मुलाम्यापाठोपाठ बंपरही सुटू लागला. आधी तो मऊ झाला, मग मधोमध वाकला, आणि चिमट्याने उचलला तेव्हा त्याचे दोन बंपर झाले होते, दोन्ही निरुपयोगी.

काकू म्हणाल्या, "मुलामा मात्र गेला हो."

दुकानदाराकडे सुटा बंपर मिळेना. कंपनीला लिहा, म्हणाला, पुढच्या वर्षापर्यंत कळवतील. सासऱ्यांचा वाढदिवस पुढच्या वर्षीही येणार होता, पण तो शहात्तरावा असता. मिलिमीटर घरी येऊन टेबलाशी बसून राहिला. तसली जाडी, तसला ताठपणा असलेलं प्लास्टिक घरात दुसरं नव्हतं. शेवटी त्याने खिशातून पट्टी काढली. पुष्कळ वेळ तिच्याकडे पाहिलं. मग आरीचं पातं घेतलं, आणि नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनची ती पट्टी सात आणि सतरा सेंटीमीटरच्या खुणांवर कापली. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने चहा आणून ठेवला.

या सगळ्याचा व्हायचा तो परिणाम झाला. आधी व्हिनेगरचा आणि पाठोपाठ रिमूव्हरचा वास जिन्याने वर गेला होता, आणि दोन्ही वास वरच्या मजल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींच्या दारापाशी भेटले होते. सेक्रेटरी हा नियमांवर प्रेम करणारा माणूस. दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून नोटीस आली. "आपण निवासी सदनिकेत बसच्या सुट्या भागांवर रासायनिक प्रक्रिया करीत असल्याचे समजते. तसेच सदर बस आपण कोठे उभी करता, याचाही खुलासा व्हावा. आवारात अवजड वाहनास मनाई आहे."

शहाण्या माणसाने वर जाऊन हसत हसत सांगितलं असतं. मिलिमीटर शहाणा होता, पण आरेखकही होता. त्याने लेखी खुलासा केला. "बस टेबलावर उभी आहे. लांबी बेचाळीस, रुंदी दहा पूर्णांक चार, उंची तेरा सेंटीमीटर. पुढचा बंपर वगळून." हा खुलासा सेक्रेटरींना उद्धट वाटला. ते सरांना सोबत घेऊन समक्ष पाहणीला निघाले. कमिटीवर सरही होते, कारण त्यांच्याइतका रिकामा वेळ कुणाकडेच नव्हता. काकू कमिटीवर नव्हत्या, तरी आल्या.

बेल वाजली तेव्हा टेबलावर चकाकते तुकडे पसरलेले होते. घरात चार माणसं येणार आणि टेबलावर हा पसारा, हे बायकोला बघवेना. तिने सगळे तुकडे पदरात गोळा केले, आत नेले, आणि परत येऊन दार उघडलं.

पाहणी रीतसर झाली. सेक्रेटरींनी बसच्या चारही बाजूंनी फेरी मारली. कमरेत वाकून आत डोकावले. "सीट झिजलेली आहे," त्यांनी नोंद केली.

"मुद्दाम झिजवली आहे," मिलिमीटर म्हणाला.

"दार उघडतं?"

"उघडून बघा."

सेक्रेटरींनी बोटाच्या नखाने दार उघडलं. मग मिटलं. मग पुन्हा उघडलं. बायकोच्या नजरेतून सुटून टेबलाच्या कडेला राहिलेली चाकाची एक टोपी त्यांनी उचलून न्याहाळली. दोन कप चहा झाल्यावर, ही बस अवजड वाहनात मोडत नाही असा निर्णय देऊन मंडळी उठली. सगळं सुरळीत पार पडलं होतं.

पण मंडळी गेल्यावर तुकडे सापडेनात.

"मी ठेवले ना आत," बायको म्हणाली.

"आत कुठे?"

"बेल वाजत होती, अहो. हाताला आलं तिथे ठेवले."

तांदळाचा डबा पाहिला, कपाट पाहिलं, गादी उचलून पाहिली. मग मिलिमीटरला आठवलं की एक टोपी टेबलावर राहिली होती आणि ती सेक्रेटरींच्या हातात होती. वाढदिवस दोन दिवसांवर, आणि माणसाची मती अशा वेळी सरळ चालत नाही. तो तडक वर गेला आणि सेक्रेटरींच्या दारात उभा राहून, अतिशय सभ्य शब्दांत, त्यांनी बंपर परत करावा असं म्हणाला.

सेक्रेटरींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "या इमारतीत माझ्यावर नाही नाही ते आळ आले," ते म्हणाले, "पण बंपरचा पहिलाच." त्यांनी आपल्या पत्नीला साक्षीला बोलावलं आणि तिच्यासमोर एकेक खिसा उलटा केला. किल्ल्या निघाल्या. रुमाल निघाला. डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली निघाली. आणि चाकाची टोपी निघाली.

बोटांनी चाळा करता करता वस्तू खिशात जाणं हे कुणाच्याही हातून होतं, पण सेक्रेटरींच्या हातून व्हायला नको होतं. त्यांची मान खाली गेली. ती तशी पाहून मिलिमीटरला स्वतःचीच लाज वाटली, कारण बंपर त्यांच्या खिशात मावलाच नसता हे त्याला, निदान त्याला तरी, आधीच कळायला हवं होतं. तेवढ्यात खालून बायकोची हाक आली.

तुकडे पांढऱ्या कपड्यांच्या बादलीत होते. त्याचे कचेरीचे सदरे तिने पाण्यात ब्लीच घालून भिजत टाकले होते, आणि घाईत पदर त्याच बादलीत रिकामा केला होता. तळातून जाळी, बंपर, कड्या एकेक करून वर आल्या. चकाकी नावाला उरली नव्हती. नुसतं स्वच्छ, कोरं प्लास्टिक, आणि जाळीची प्रत्येक पट्टी जिथल्या तिथे.

यावर विश्वास बसेना म्हणून सर आणि काकूंनाही बोलावून प्रयोग करून बघायचं ठरलं. खिडकी सताड उघडली आणि बायकोने रबरी हातमोजे घालून सेक्रेटरींच्या खिशातली टोपी बादलीत सोडली. सर, काकू, सेक्रेटरी, त्यांच्या पत्नी आणि मिलिमीटर असे सगळे त्या एवढ्याशा बाथरूममध्ये माना वाकवून उभे राहिले. टोपीची कड धुरकट झाली. मग मधला भाग. मग मुलामा धुक्यासारखा सुटला आणि पाण्यात दिसेनासा झाला.

"प्रक्रिया सुरू झाली आहे, हे मी तेव्हाच म्हणालो होतो," सर म्हणाले.

"ती बाटली गेली वीस वर्षं याच फळीवर आहे," बायको म्हणाली. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. मिलिमीटरने सेक्रेटरींची माफी मागितली, सेक्रेटरींनी मिलिमीटरची मागितली, आणि चूक कोणाची मोठी यावर थोडा वाद होऊन ते प्रकरण मिटलं.

पुढचं काम सोपं होतं. त्याने तुकडे धुतले, वाळवले, आणि मळकट राखाडी रंग असा दिला की फोटो शेजारी धरला तर कुठला खरा ते सांगता येऊ नये. मागच्या बंपरवर मात्र दोन हात दिले तरी पट्टीच्या खुणा तिरप्या उजेडात दिसत राहिल्या. त्याला त्याचं फार वाईट वाटलं.

रविवारी सासऱ्यांच्या घरी सगळी जमली. हत्यारांची पेटी नेहमीप्रमाणे कपाटावर होती. मिलिमीटरने टेबलावर बस ठेवली आणि वरचं फडकं काढलं.

सासरे चष्मा लावून बसले. आधी ते चाकांकडे पाहत राहिले, मग दाराकडे. त्यांनी करंगळीने स्टिअरिंग फिरवलं. सीटच्या झिजलेल्या कडेपाशी त्यांची नजर थांबली आणि त्यांनी मान हलवली. मग त्यांनी बस आपल्याकडे वळवली आणि समोरून पाहिली.

"बंपर," ते म्हणाले.

"हो, बाबा. अगदी तसाच."

"माझ्या बसचा बंपर असा नव्हता."

"आरशासारखा होता," ते म्हणाले. "रोज गाडी काढायच्या आधी मी स्वतः पुसायचो. डेपोत दुसऱ्या कुणाचा असा नव्हता."

"त्यात बघून भांग पाडायचे," सासूबाईंनी माहिती दिली.

मिलिमीटरला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण बसमध्ये बसून खाली जावं. पॉलिश पेपर, व्हिनेगर, बंपरचे दोन बंपर, नोटीस, सेक्रेटरींचे उलटे खिसे, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि खोक्यात बंपर पहिल्या दिवसापासून चकाकत होता. बायकोला "विचारा ना" याची आठवण करून देण्याचा पूर्ण हक्क होता. तिने तो वापरला नाही. तिने पिशवीतून फोटो काढला आणि वडिलांच्या हातात दिला. "बाबा, हा बघून केलंय त्यांनी. यात तसाच आहे."

सासऱ्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ धरला.

"हा होय," ते म्हणाले. "हा त्या दिवशीचा. मी लांबच्या फेरीवर होतो. शेवटच्या थांब्यावर निरोप मिळाला की हिला दवाखान्यात नेलंय. रस्ता सगळा खणलेला, चिखलाचा. गाडी डेपोत लावली ती तशीच, न धुता, आणि पळालो. परत आलो तेव्हा मेकॅनिक म्हणाला, मुलगी झाली ना, उभे राहा, फोटो काढतो." त्यांनी मुलीकडे पाहिलं. "सबंध नोकरीत तेवढा एकच दिवस मी बंपर पुसला नाही."

बायकोने तोंड फिरवलं. सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

सासऱ्यांनी खिशातून रुमाल काढला आणि सवयीने बंपरची कड पुसली. दोनदा पुसली. "जावईबापू, हा चिखल निघत नाही."

"नाही निघायचा, बाबा. खालची चकाकी मी काढून टाकली आहे."

"राहू द्या," सासरे म्हणाले. "हा असाच बरोबर आहे." मग त्यांनी बस उलटी फिरवली, मागचा बंपर उजेडाकडे धरला आणि डोळे बारीक केले. "इथे आकडे कसले? सात, आठ, नऊ..."

"पट्टी आहे," मिलिमीटर हळू आवाजात म्हणाला. "खरा बंपर वितळला."

"तुमची ती? ऑफिसातली?"

मिलिमीटरने मान डोलावली. त्या पट्टीची कीर्ती सासुरवाडीपर्यंत होती, आणि साहेबांना दिलेलं उत्तर सासऱ्यांनी पुढे कित्येक पाहुण्यांना ऐकवलं होतं. त्यांनी त्या खुणांवरून अंगठा फिरवला. बस अलगद टेबलावर ठेवली. मग ते उठले, स्टूल ओढलं, इतरांनी धरायच्या आत त्यावर चढले आणि कपाटावरची पेटी खाली काढली. तिच्यातून स्क्रू ड्रायव्हर निवडून त्यांनी तो जावयापुढे धरला.

"बाहेरच्या खोलीतलं दिव्याचं बटण सैल झालंय," ते म्हणाले. "जरा बघता का?"

मिलिमीटरने स्क्रू ड्रायव्हर दोन्ही हातांनी घेतला आणि ताठ मानेने बाहेरच्या खोलीकडे निघाला. सासूबाई कुणाला न सांगता उठल्या, जिन्यापाशी गेल्या आणि त्यांनी मेन स्विच बंद केला.